तांडेलबाईंच्या होडीतून उठून जाता येत नाही

बोईसरला नोकरीवर रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात मला दोन सूचना मिळाल्या. एक, कॅन्टीनची भजी सकाळी दहानंतर खाऊ नका. आणि दोन, तांडेलबाईंबरोबर होडीत बसू नका. पहिली मी आजतागायत पाळली आहे. दुसरी मोडली, आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या एका कंपनीत कामगार अधिकारी होतो. हल्ली त्याला एचआर म्हणतात, पण कामगारांच्या लेखी मी ‘नोटीसवाले साहेब’. अॅडव्होकेट कुंदा तांडेल या वसाहतीतल्या निम्म्या कामगारांच्या वकील. त्यामुळे ओळख व्हायची ती भांडणातूनच व्हायची होती.

बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालीला वाऱ्यासारख्या. पांढरी साडी, खांद्यावर काळा कोट, अंबाड्यात अबोलीचा गजरा. घर मुरब्याला, कोळीवाड्यात, म्हाताऱ्या आईबरोबर. ऑफिस बोईसरला, पंक्चरच्या दुकानाच्या वर. वकिली भाषण करताना मराठी अगदी छापील, पण माणूस आवडला किंवा राग आला की मुरब्याची बोली सुरू. माझ्याशी त्या पहिल्या दिवसापासून बोलीत बोलल्या. यातलं कारण कोणतं हे विचारायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही.

पहिली भेट अशी. एका कामगाराच्या बाजूनं त्या आमच्या ऑफिसात आल्या, मी दिलेलं आरोपपत्र पिशवीतून काढलं आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागल्या. ‘आपल्या उद्दाम, बेमुर्वत आणि शिस्तीस काळिमा फासणाऱ्या वर्तनामुळे’ इथवर आल्या आणि थांबल्या.

“हे तुमी लिवलंत?”

“हो.”

“काय मराठी हाय हो! गुन्हा केवढा, तर टोपी न घालता मशीनवर उभा राहिला. आन् मजकूर असा की वाचूनच फाशी घ्यावी मानसानं.” मग चष्मा काढून त्यांनी मला नीट न्याहाळलं. “कविता करता का?”

कॉलेजात केल्या होत्या. मी नाही म्हणालो. त्या दिवसापासून मी त्यांचा ‘लेखक’ झालो. पुढे एखादी नोटीस जरा साधी लिहिली, तर त्या फोन करून विचारायच्या, “लेखक, तब्येत बरी हाय ना?”

बाई कोर्टाला घाबरत नव्हत्या. उलटतपासणीला उभ्या राहिल्या की समोरचा साक्षीदार पाण्याचा ग्लास शोधायचा. पण खटला लढवणं त्यांना मनापासून आवडत नसे. त्यांच्या आईनं आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली होती, आणि बाईंचं सगळं कायद्याचं तत्त्वज्ञान त्या पाटीतून आलेलं होतं. “मासळी आन् भांडण, ताजं हाय तवरच मोल,” असं त्या म्हणायच्या. “दहा वर्सं बर्फात ठेवलंत तर मंग वासच उरतो.” दिवसभर तडजोडी घडवून दमलेली ही बाई संध्याकाळी बाजारात भाजी घेताना मात्र एका शब्दानं घासाघीस करत नसे. भाजीवाला सांगेल तो भाव. आम्ही हसायचो, तर म्हणायच्या, “सुट्टी नको का मला?”

तडजोडीही तऱ्हेतऱ्हेच्या. शेजारच्या कारखान्यात पॅकिंगला कल्पना नावाची एक बाई होती. तिचा सुपरवायझर तिला बारा वर्षं ‘ए’ म्हणून हाक मारत होता. एक दिवस तिनं तयार खोका त्याच्या पायावर सोडला. दोघांच्या तक्रारी झाल्या, वकील झाले, प्रकरण कोर्टाच्या दारात पोचलं. बाईंनी दोघांना बोलावलं आणि समेटाचं एकच कलम लिहिलं: सुपरवायझरनं महिनाभर रोज सकाळी हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर ‘कल्पनाताई, नमस्कार’ म्हणायचं. मालक म्हणाला, हे कसलं कलम? बाई म्हणाल्या, सही करा. पहिला आठवडा तो सुपरवायझर कडू काढा प्यायल्यासारखा बोलायचा. महिना संपला, कलम संपलं, पण तोंडाला लागलेली सवय काही सुटली नाही. पुढे कल्पनाताईंच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढत होता म्हणे.

आता होडीचं.

मुरबे आणि सातपाटी यांच्या मधे खाडी आहे. इकडून तिकडे जायला होडी. खाडीवर पूल होणार, पूल होणार असं मी आलो तेव्हापासून ऐकत होतो. बाईंच्या सुरुवातीच्या काळात एक कारखानदार बोलणी चालू असताना दर वेळी ताडकन उठून निघून जायचा. असा तो अकरा वेळा उठला. बाई घरी येऊन कपाळाला हात लावून बसल्या, तेव्हा त्यांचे वडील जाळं विणता विणता म्हणाले, “होडीत बसव त्याला. जाईल कुठं?” झालं. तेव्हापासून जे भांडण टेबलावर मिटत नाही ते बाई होडीत घालत. दोन्ही बाजूंना मुरब्याच्या बंदरावर आणायचं, ‘पलीकडे सातपाटीला चहा पिऊन येऊ’ म्हणायचं. त्यांचा चुलतभाऊ हरी नाव खाडीच्या मध्यावर नेई आणि मशीन बंद करी. मग बोलणी. मिटलं की पलीकडे चहा. यात लपवाछपवी काही नव्हती. सगळ्या वसाहतीला हे ठाऊक होतं, तरी माणसं जात. नाही म्हणावं तर पाण्याला भ्याला असं दिसायचं.

आणि बाईंचं भरती-ओहोटीचं गणित पक्कं. तिथी धरायची, बोटांच्या पेरांवर तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. कोर्टाची तारीख पडली तरी त्या आधी पेरं मोजत. मुरब्याच्या माणसानं पाण्याची वेळ चुकवणं म्हणजे काय, हे आम्हा देशावरच्या लोकांना सांगून कळायचं नाही.

तर आमच्या कंपनीत दशरथ भोये नावाचे बॉयलर अटेंडंट होते. जव्हारकडच्या डोंगरातले, राहायला सालवडला भाड्याच्या खोलीत. बत्तीस वर्षं नोकरी, निवृत्तीला आठ महिने बाकी. एक दिवस भर दुपारी त्यांनी कुणाला न विचारता बॉयलर बंद केला. वाफ थांबली, रंगाच्या टाकीतलं निळं कापड ढगाळ होऊन बाहेर आलं. अख्खा लॉट वाया. विचारलं तर म्हणाले, “आवाज आला.” बॉयलर उघडला, तपासला. काही सापडलं नाही.

आमचे प्लॅंट मॅनेजर सबनीस साहेब. हुशार इंजिनियर, माणूस वाईट नाही, पण शब्दाचे पक्के म्हणजे इतके पक्के की चुकीच्या शब्दालाही पक्के. त्यांनी भोयेकाकांना बडतर्फ केलं. आरोपपत्र अर्थातच मी लिहिलं होतं. ‘काल्पनिक ध्वनीच्या आधारे’ हे शब्द माझे, आणि लिहिताना मला ते फार छान वाटले होते. आज लाज वाटते.

आमच्या कंपनीची एक रीत होती. कामगारांनी यायचं-जायचं ते बाजूच्या बारक्या फाटकातून, वाकून. मोठं गेट फक्त मालाच्या गाड्यांना आणि साहेबांच्या मोटारींना. पण जो कामगार निवृत्त होईल त्याच्यासाठी त्या दिवशी मोठं गेट सताड उघडायचं. पाळी थांबायची, हार, बॅंड, सजवलेला टेंपो, आणि तो माणूस मधोमध ताठ चालत बाहेर जायचा. आयुष्यात एकदाच. भोयेकाकांनी दुसऱ्यांसाठी हे बत्तीस वर्षं पाहिलं होतं.

“केस मी जिंकीन,” बाई त्यांना माझ्यासमोरच म्हणाल्या, “पन कवा? तुमी साठीच्या पार गेल्यावर. कोर्ट भरपाई दिल. ते मोठं फाटक कुठून दिल?”

“मना फाटकच पायजे,” भोयेकाका म्हणाले. “बारक्या फाटकातून हाकलला, असा गावाला कसा जाऊ?”

सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर तीन बैठका झाल्या. सबनीसांचं म्हणणं, आधी माफीनामा लिहून द्या, मग बघू. भोयेकाका म्हणायचे, “आवाज आला, मी बंद केला. माफी कशाची मागू? कानाची?” सबनीस उसळायचे, “आज याला आवाज आला. उद्या दुसऱ्याला वास येईल, परवा तिसऱ्याला स्वप्न पडेल. मी कंपनी चालवू की बंद ठेवू?” आणि उठून जायचे. तीनही वेळा गेले. आठ महिन्यांतले तीन असेच सरले.

शेवटी बाईंनी होडी काढली. सोमवार, दुपारी साडेतीन. माझ्यासमोरच पेरं मोजून वेळ ठरली. सबनीसांनी बरेच आढेवेढे घेतले, पण ते पाण्याला भितात अशी कुजबुज कॅन्टीनमधून त्यांच्या कानावर गेली. ती कुणी सोडली ते मी सांगणार नाही. ते तयार झाले. आदल्या शनिवारी कळलं की नेमकी त्याच सोमवारी गिऱ्हाइकाची माणसं माल पाहायला येणार, म्हणून मी बाईंना फोन करून बैठक पुढच्या सोमवारवर ढकलली. वेळ तीच. “चालेल, चालेल,” बाई घाईत म्हणाल्या. समेटाचा मसुदा त्या तेव्हा सातव्यांदा लिहीत होत्या.

त्या सोमवारी आम्ही मुरब्याच्या बंदरावर पोचलो. सबनीस कडक इस्त्रीत, पायात नाडीचे चकाकते बूट. भोयेकाका स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात. बाईंच्या काखेत फायलींची पिशवी. ती भंगारात निघालेल्या त्याच ढगाळ निळ्या कापडाची शिवलेली. सबनीसांनी ती ओळखली आणि तोंड फिरवलं.

हरी म्हणाला, “बाय, पानी उतराला लागलंय.”

बाई सबनीसांना माफी आणि खुलासा यांतला फरक समजावत होत्या. “तू चल,” म्हणाल्या. हरी खांदे उडवून बसला.

मध्यावर गेलो, मशीन बंद झालं, बोलणी सुरू झाली आणि नेहमीच्या जागी येऊन अडली. माफी. कान. स्वप्न. सबनीस सवयीनं ताडकन उठले, नाव डचमळली, तसे खाली बसले. तेवढ्यात तळाला काहीतरी घासलं. हरीनं बांबू टाकून पाहिला. नाव गाळात बसली होती.

“मशीन लाव! मागं घे!” बाई ओरडल्या. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, पण तेव्हा वाटलं हाही डावातलाच भाग. हरीनं मशीन सुरू केलं. धूर, चिखल, हरीची आणि बाईंची आपसात शिवीगाळ. सबनीस ‘अजून जोर लावा’ म्हणून हुकूम सोडत होते.

आणि भोयेकाका एकदम उभे राहिले. “बंद कर!”

“का? नीट तर चाल्लंय,” हरी म्हणाला.

“बंद कर म्हनतो ना! आवाज बदललाय.”

हरीनं सबनीसांकडे पाहिलं. सबनीसांनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. त्यांना काही वेगळं वाटत नव्हतं. मलाही नाही. भोयेकाकांनी कुणाची वाट पाहिली नाही. पुढे झाले आणि मशीन बंद केलं.

हरी चरफडत मागच्या बाजूला ओणवा झाला आणि पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. मशीनच्या पाण्यातल्या पंख्याला फाटक्या जाळ्याचा पिळा बसला होता. अजून दोन मिनिटं चाललं असतं तर पंखा तुटला असता आणि पाणी चढल्यावर आम्ही बिनमशीनचे खाडीत भोवंडत राहिलो असतो. हरी कोयत्यानं जाळं कापत होता. बराच वेळ त्या कापण्याचाच आवाज येत होता.

उतरून जायचं म्हटलं तर कमरेएवढा गाळ. सबनीसांनी दोन-तीन फोन केले, मग फोन खिशात घातला. बूट काढले, मोजे काढले, ते नीट घडी करून बुटांत ठेवले. बाईंनी पिशवीतून डबा काढला. साबुदाण्याची खिचडी. पाच जणांनी त्याच डब्यातून खाल्ली.

“आज उपास?” मी विचारलं.

“माजा नाय, आयचा. आज पुनव ना,” बाई म्हणाल्या. मग घास हातातच धरून पाण्याकडे टक लावून बसल्या. मला वाटलं, भूक मेली असेल.

ऊन कलत होतं. सबनीस अनवाणी बसले होते. एकदम म्हणाले, “भोये, त्या दिवशीचा आवाज कसा होता?”

भोयेकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. नोटीस झाली, चौकशी झाली, तीन बैठका झाल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मी तर ‘काल्पनिक’ म्हणून मोकळा झालो होतो.

“पेज शिजते ना साहेब,” ते सावकाश म्हणाले, “उतू जायच्या आदी झाकन बोलतं. थोडंच. तसा. आदी कदी बोलला नव्हता. तपासलं तवा गप होता. पन बोलला होता.”

सबनीसांनी बुटांतले मोजे काढले, पुन्हा घडी करून ठेवले. नंतर म्हणाले, “मी माफी मागणार नाही.”

“मना नको,” भोयेकाका म्हणाले. “मीबी मागनार नाय.”

“ठीक.”

“लेखक,” बाई हळूच म्हणाल्या, “पेन काढा.”

सातव्या मसुद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्याच आरोपपत्राच्या शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती, तिथं लिहिलं. बडतर्फी रद्द. यापुढे अटेंडंटला आवाजाचा संशय आला तर त्यानं आधी बॉयलर बंद करावा, वहीत नोंद करावी, मग कळवावं. हा नियम प्लॅंट मॅनेजरांच्या सहीनं लागू. आणि उरलेले पाच महिने भोये यांनी दोन नव्या अटेंडंटना ऐकायला शिकवावं. ‘ऐकायला’ हा शब्द सबनीसांनी स्वतः घातला. माफीचा कुठं उल्लेख नाही. इतकं साधं मराठी मी नोकरीत पहिल्यांदाच लिहीत होतो, आणि बाईंनी वाचून काहीही टोमणा मारला नाही. नंतर सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर ते रीतसर टाइप झालं, शिक्के बसले. पण सह्या झाल्या त्या गाळात बसलेल्या होडीत. दिवेलागणीनंतर पाणी चढलं तेव्हा सरळ मुरब्याला परतलो. सातपाटीचा चहा राहिला.

दुसऱ्या दिवशी बातमी वसाहतभर. बाईंनी मुद्दाम ओहोटी साधली, मॅनेजरला चार तास गाळात बसवला, पंख्यात जाळंसुद्धा आधीच सोडून ठेवलं होतं! टपरीवर एक जण सांगत होता, “मॅडम को समंदर का टाइम पता है, बॉस.” बाईंची कीर्ती अशी वाढली की मालक लोक टेबलावरच भराभर सह्या करू लागले, होडीची वेळच येईना. बाई ऐकून नुसत्या हसायच्या, आणि विषय बदलायच्या.

पाच महिन्यांनी भोयेकाकांची निवृत्ती आली. पाळी थांबली. बॅंड लागला. बाईंना आत बोलावलं होतं, पण त्या बाहेरच, रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभ्या राहिल्या. “आत मी भांडाला येते,” म्हणाल्या. त्यांच्या सोबतीला मी बाहेर आलो. गेट अजून बंद होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी बाही ओढली.

“लेखक, एक सांगते. त्या दिवशी मी चुकले.”

“कशात?”

“पान्यात.” आवाज एकदम खाली आला. “तुमी आठवडा ढकललात. आठवड्यात त्याच वेळेला भरतीची ओहोटी होते. मुरब्यातलं पाळन्यातलं पोर पन सांगेल. मी परत मोजलंच नाय. मसुदा, मसुदा करत बसले. आय सकाळपासून पुनव पुनव सांगत होती, हरीनं पन सांगितलं. माजं ध्यान त्या फाटकात.”

मला ती हातात थांबलेली खिचडी आठवली.

“मग एवढे दिवस बोलला नाहीत?”

“लोक मोठं म्हनत होते, म्हनू दिलं,” त्या म्हणाल्या, आणि कोर्टात कधी दिसला नाही असा ओशाळा चेहरा करून हसल्या. “कोर्टात सांगा, कंपनीत सांगा, तुमच्या सांगलीला जाऊन दवंडी पिटा. पन मुरब्यात नको हं.”

तेवढ्यात मोठं गेट उघडलं. दोन्ही दारं, सताड. भोयेकाका हार घालून मधोमध आले. उंबऱ्यावर थांबले, मागे बॉयलरच्या दिशेनं मान कलती केली, क्षणभर ऐकलं, आणि बाहेर पडले. बाईंनी काळा कोट तोंडाशी धरला होता. मी रसाच्या गाडीकडे बघत राहिलो, कारण मलाही काही दिसत नव्हतं.

टेंपो सालवडकडे निघणार, तोच भोयेकाका वरून ओरडले, “सालवड मंग! आदी मुरब्याला! सातपाटीचा चहा राहिलाय! साहेब, तुमी पन!” सबनीस साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चकाकत्या बुटांकडे, आणि मोटार सोडून टेंपोत चढले. लोकांनी बाईंना हाताला धरून वर घेतलं, ड्रायव्हरशेजारी बसवलं. बॅंडवाले वाजवायला लागले.

त्याच महिन्यात माझी बदली गुजरातेतल्या कारखान्यात झाली. त्यामुळे बाईंचं मला झालेलं शेवटचं दर्शन ते तेवढंच. झेंडूच्या माळांच्या आड टेंपोच्या खिडकीत बसलेल्या तांडेलबाई. आधी त्यांनी पेरं मोजली. मग पुन्हा मोजली. मग फोन काढला, आणि बॅंडच्या वरताण आवाजात, सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असं ओरडल्या:

“हरी! पानी चढतंय का उतरतंय रे? नीट बघून सांग!”